मशीनच्या कपाळावरचा अंगठा

शेवगावच्या आमच्या हायस्कुलात ते नवं मशीन आलं, तेव्हा टेम्पोतून उतरवायला पीटीचे दोन्ही सर लागले आणि सूचना द्यायला अख्खा स्टाफ. प्रिंट काढणार, झेरॉक्स काढणार, स्कॅन करून परस्पर मेल पाठवणार, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेणार, वर स्टेपलसुद्धा स्वतःच मारणार. ऑफिसात आम्ही दोघीच क्लार्क, मी आणि माझी जोडीदारीण. ती कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, "चहा करतं का विचारा." तिथून जे हसू सुटलं ते महिनाभर थांबलं नाही.

त्याआधी आमची तऱ्हा काय होती सांगते. ऑफिसातला जुना प्रिंटर फक्त प्रिंट काढायचा, तेही त्याच्या मनात असेल तर. बाकी सगळ्यासाठी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पळायचं. जूनमध्ये अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की दिवसातून कितीदा पळायचो याला गणती नाही. डोक्यावरून ओढणी, छातीशी मुलांचे दाखले, आणि दुकानात आपल्यापुढे सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढणारी अख्खी भावकी. परत येईपर्यंत तोंड लालबुंद झालेलं असायचं आणि खिडकीशी पालक ओरडत असायचे.

हे सगळं आमचे हेडक्लार्क बघत होते. त्यांना सगळी शाळा भाऊसाहेब म्हणायची. कितीतरी वर्षं त्यांनी संस्थेकडे एका चांगल्या मशीनसाठी तगादा लावला होता. संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून धूळ बघणारे गृहस्थ. ते शेवटी कंटाळून म्हणाले, महिनाभर आणून वापरून बघा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येईन. एकूण एक गोष्ट चालली तर ठेवू, एक जरी अडली तरी टेम्पो परत बोलवू. त्याच महिन्याअखेर भाऊसाहेब रिटायर होणार होते. म्हणजे मशीन परत गेलं असतं तर आयुष्यभराच्या नोकरीनंतर लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं असतं, की म्हाताऱ्यानं जाता जाता एक खेळणं आणलं आणि ते बंद पडलं. हे ते बोलून दाखवत नसत, पण आम्हाला कळत होतं.

मशीनची पूजा झालीच. नारळ, हार, हळदकुंकू. भाऊसाहेब चिमटीत कुंकू घेऊन मशीनच्या स्क्रीनकडे वळले, तसा नगरहून आलेला टेक्निशियन अक्षरशः आडवा आला. म्हणाला, काका, स्क्रीनला काहीही लावू नका, टच आहे, खराब होईल. मग भाऊसाहेबांनी खाली कागदाच्या ट्रेवर कुंकवाचं बोट ओढलं. सगळ्यांनी नमस्कार केला. भाऊसाहेबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. टिळा कपाळाला लावायचा असतो, गुडघ्याला नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. आमच्यापैकी फक्त तेच मशीनला 'ती' म्हणायचे.

पहिले काही दिवस म्हणजे नुसती दिवाळी. आम्ही दोघी काम नसताना झेरॉक्स काढायचो. जोडीदारणीनं आपल्या तळहाताची झेरॉक्स काढून मला आयुष्यरेषा दाखवली. मशीन गरम कागद फेकायचं आणि आम्ही ते गालाला लावून बघायचो. आता सांगताना वेडेपणा वाटतो, पण ज्यानं स्टँडपर्यंतचं ऊन खाल्लंय त्यालाच त्या गरम कागदाचं सुख कळेल.

मग एका सकाळी स्क्रीनवरून फॅक्स गेला.

म्हणजे फॅक्सचं चौकोनी चित्र गेलं. शेवगावात फॅक्स करतंय कोण, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. पुढच्या सकाळी आधार कार्डाचं चित्र गायब झालं, तेव्हा मात्र बोंब झाली. खिडकीशी पालकांची रांग, प्रत्येकाच्या हातात आधार, आणि मशीन असं गप्प, की जणू ही विद्या त्याला कधी येतच नव्हती. त्यानंतर स्टेपलचं चित्र गेलं. रोज ऑफिस उघडलं की एक कला कमी. आणि गंमत म्हणजे दिवसा काही जायचं नाही. संध्याकाळी जेवढं ठेवून जावं, सकाळी त्यातलं एक कमी.

मी कंप्युटरचा कोर्स केलेला, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी जे सगळे करतात ते केलं, बंद करून चालू केलं. मग नेटवर्कची वायर काढून, फुंकर मारून, परत लावली. राउटर बंद करून पदार्थविज्ञानाच्या सरांच्या शिव्या खाल्ल्या, कारण वरच्या प्रयोगशाळेचं इंटरनेटही त्याच्यावरच होतं. कंप्युटरमधून मशीनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कंप्युटरवरून प्रिंट झकास येत होती, एका कागदाच्या दोन्ही बाजूंनी येत होती. मशीनला सगळं येत होतं. फक्त त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर ते कबूल करत नव्हतं.

टेक्निशियनला फोन लावला. तो म्हणाला, कुणीतरी युजरचे हक्क कमी केले असतील. मी बघितलं, हक्क जिथल्या तिथे होते. मग तो मोटरसायकलवरून नगरहून आला, तिसगावच्या पुढे पंक्चर झालेला, त्यामुळे आधीच तापलेला. त्यानं स्क्रीनच्या आत कुठंतरी खोल जाऊन एक बटण दाबलं, आणि एकेक करत सगळी चित्रं परत आली. आम्ही त्याला भेळ खायला घातली. ते खोल जाऊन दाबायचं बटण त्यानं मला शिकवलं आणि तो गेला. दुसऱ्या सकाळी फॅक्स नव्हता.

सुरुवातीला मी रोज सकाळी आल्या आल्या ते बटण दाबायचे. पण बटण दाबलं की मशीन बराच वेळ गोल गोल फिरत बसायचं, आणि खिडकीत गर्दी, म्हणून रोज दाबणं मी सोडून दिलं. शिवाय शनिवारी सेक्रेटरी नेमके ऑफिस उघडतानाच येऊन उभे राहिले तर? त्यांना गोल फिरणारं चित्र दाखवून चालणार नव्हतं.

संशय मग सगळ्यांवर घेऊन झाला. जोडीदारणीच्या मते शेजारच्या शाळेची दृष्ट लागली होती. त्यांच्याकडे अजून जुनंच मशीन होतं. तिनं प्लगच्या वायरीला लिंबू-मिरची बांधली. माझा संशय वरच्या मजल्यावर होता. राउटर बंद केल्याचा सूड म्हणून सर वरून नेटवर्कमधून चित्रं काढत असणार, असं मी धरूनच चालले होते आणि त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते बिचारे मला रोज गुड मॉर्निंग म्हणत होते. आमचं घर ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, आणि घरात जेवणाच्या ताटापासून परीक्षेच्या पेपरापर्यंत सगळ्यावर प्रार्थना व्हायची. तेव्हा मीही एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून मशीनच्या झाकणावर हात ठेवला आणि डोळे मिटले. उघडले तर जोडीदारीण समोर. तिला इतकं हसू आलं की ती स्टूलवरून खाली घसरली. खाली लिंबू, वर प्रार्थना, मधे मशीन. तरी स्कॅनचं चित्र गेलंच.

भाऊसाहेब मात्र हसत नव्हते. ते दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. डबा अर्धा परत न्यायचे. एकदा मला म्हणाले, "पोरी, माझ्या हाताला यश न्हाई बघ." मी म्हटलं, भाऊसाहेब, तुमचा काय संबंध, बिघाड मशीनचा आहे. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मला त्या क्षणी मशीनचा असा राग आला की लाथ घालावी.

शेवटच्या आठवड्यात टेक्निशियन फोनवर म्हणाला, मॅडम, नेटवर्कमधून हे होऊच शकत नाही. कुणीतरी मशीनसमोर उभं राहून बोटानं चित्रं काढून टाकतंय. मी फोन ठेवला आणि ठरवलं की शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन चोर पकडायचा. जोडीदारणीला बरोबर घेतलं. ती चोर पकडायला म्हणून छत्री घेऊन आली.

शाळेचं फाटक उघडंच होतं. ऑफिसची किल्ली भाऊसाहेबांकडे असायची, आणि सगळ्यांच्या आधी तेच येत. हे आम्हाला माहीत होतं, पण चोर शोधताना त्यांचं नाव आमच्या डोक्यात आलंच नाही. आम्ही दाराच्या फटीतून बघितलं. भाऊसाहेब चपला काढून मशीनसमोर उभे होते. चष्मा खिशात. त्यांनी कुंकवाची डबी उघडली, अंगठ्याच्या टोकाला इवलंसं कुंकू घेतलं, आणि अंगठा स्क्रीनच्या बरोबर मध्यावर टेकवून डोळे मिटले. मग ते बोलले. हळू बोलले, पण रिकामं ऑफिस, सगळं ऐकू आलं.

"बाई, मी चाललो आता. माझ्यामागं या पोरींना छळू नको. उन्हात पळवू नको त्यांना. लई पळाल्यात."

अंगठा तसाच टेकलेला. मग त्यांनी तो सावकाश वर ओढला, कपाळावर उभा टिळा ओढतात तसा. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. आम्हाला मात्र दारातून स्पष्ट दिसलं. अंगठ्याखालचं चित्र सुटलं, अंगठ्याबरोबर वर गेलं, आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला उघडलेल्या कचऱ्याच्या डब्यात पडलं. शेजारचं चित्र सरकून मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसलं, उद्याच्या टिळ्यासाठी. भाऊसाहेबांनी रुमालानं कुंकू पुसलं, म्हणजे कुणी रागवायला नको, आणि हात जोडले.

जोडीदारणीनं छत्रीचं टोक तोंडात घातलं होतं, हसू दाबायला. मी तिला ओढत नळापाशी नेलं. तिथे आम्ही हसलो, आणि हसता हसता मला रडू कोसळलं, आणि मला बघून तिलाही. नळावर पाणी प्यायला आलेली पाचवीची मुलं आमच्याकडे बघून पाणी न पिताच परत गेली.

आता प्रश्न होता सांगायचं कसं. सगळा उलगडा झाला होता. चित्रं जेवढी जास्त जात होती, तेवढे भाऊसाहेब जास्त मनापासून अंगठा टेकत होते, आणि जेवढा जास्त वेळ टेकत होते तेवढी चित्रं हमखास जात होती. मी टेक्निशियनला फोन केला. तो आधी नुसता हसला, मग म्हणाला, स्क्रीन लॉक करता येते, मग कितीही टिळे लावा, काही हलणार नाही. मला वाटलं सुटलो, त्यांना कळूही द्यायला नको. पण लॉक करायला पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड ठेवला होता भाऊसाहेबांनी. त्यांनी तो कुणालाही सांगितला नव्हता.

दुपारी खिडकी बंद झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि पासवर्ड मागितला. त्यांनी कशाला म्हणून विचारलं. मी इकडचं तिकडचं सांगायला गेले, पण जोडीदारणीच्या घशातून एक आवाज निघाला आणि घोटाळा झाला. मग मी सगळं सांगून टाकलं, जमिनीकडे बघत. त्यांनी मशीनकडे काय मागितलं ते आम्ही ऐकलं, हे मात्र सांगितलं नाही.

  मला वाटलं, उगाच सांगितलं, रिटायर व्हायला चार दिवस राहिलेल्या माणसाला कुणी असं सांगतं का. भाऊसाहेब उठले, चष्मा लावला आणि मशीनपाशी गेले. म्हणाले, "दाखव."

मी म्हटलं, तुम्हीच करा, रोजच्यासारखं. त्यांनी अंगठा टेकवला, या वेळी डोळे उघडे ठेवून. वर ओढला. मेलचं चित्र उचललं गेलं आणि डब्यात पडलं. भाऊसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. परत अंगठा टेकवला. प्रिंटचं चित्र गेलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग पोट हललं. मग त्यांना असं हसू फुटलं की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. खुर्चीचा आधार घेऊन हसत होते. "आगं, मी तिला रोज मुंडत हुतो की," म्हणाले, आणि पुन्हा सुरू.

त्यानंतर आम्हाला तिघांनाही काय झालं कोण जाणे. जोडीदारीण म्हणाली, मला एक करू द्या. तिनं एक उडवलं. मी एक उडवलं. भाऊसाहेब म्हणाले, झेरॉक्सचं मी काढणार, आणि काढलं. स्क्रीन पार कोरी झाली, नुसती निळी. आम्ही तिघं त्या निळ्या स्क्रीनसमोर डोळे पुसत, पोट धरून उभे, आणि दारात सेक्रेटरी.

शनिवारी त्यांना कुठं लग्न होतं, म्हणून ते एक दिवस आधी आले होते. त्यांनी सवयीनं दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं, ते बघितलं, आणि मग मशीनकडे बघितलं. विचारलं, हे काय.  सांगणार काय, की सगळं चालू होतं, आम्ही आत्ताच बंद केलं?

भाऊसाहेबांनी रुमालानं डोळे टिपले. माझ्याकडे वळून म्हणाले, तुझं ते बटण दाब. मी दाबलं. मशीन गोल गोल फिरायला लागलं. आणि ते फिरत असताना भाऊसाहेब सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, मशीन चांगली हाय. मीच रोज सकाळी टिळा लावून तिची एकेक कला काढून घेत हुतो. चूक माझी. तिला माघारी धाडू नका."

सेक्रेटरींनी टिळा म्हणजे कसा ते विचारलं. भाऊसाहेबांनी हवेत अंगठा धरून दाखवलं. एव्हाना चित्रं यायला लागली होती. आधी फॅक्स, मग आधार, मग स्टेपल, सगळी.  सेक्रेटरी पुढे झाले आणि स्वतःचा अंगठा फॅक्सवर टेकवला, वर ओढला. फॅक्स डब्यात पडला. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, परत आणा. मी आणला. त्यांनी परत उडवला. तिसऱ्यांदा उडवताना त्यांच्या गालावर खळी पडते हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून घेतली, दोन्ही बाजू एका पानावर, कागद गरम आहे म्हणाले, आणि निघताना म्हणाले, "राहू द्या मशीन."

ते गेल्यावर भाऊसाहेबांनी हाताचा आडोसा करून पासवर्ड टाकला आणि मी स्क्रीन लॉक केली. उरलेले दिवस ते रोज सकाळी आमच्यासमोर, उघड, टिळा लावत. चित्रं जागची हलत नसत. कुंकू लपवायची आता गरज नव्हती, पण स्क्रीन खराब होईल असं टेक्निशियन म्हणाला होता म्हणून पुसत.

निरोपाच्या दिवशी हार, शाल, भाषणं सगळं झालं. ऑफिसात येऊन त्यांनी ड्रॉवर रिकामा केला, पासवर्ड माझ्या कानात सांगितला, आणि कुंकवाची डबी माझ्यापुढे धरली. म्हणाले, उद्यापासून तू. मी गोंधळले. म्हटलं, भाऊसाहेब, आमच्यात कुंकू नसतं, तुम्हाला माहितीये ना. त्यांनी डबी जोडीदारणीला दिली. मग पिशवी उचलता उचलता मला म्हणाले, "कुकू ऱ्हाऊ दे गं. आंगठा तर हाय ना."

आता किल्ली माझ्याकडे असते. सगळ्यांच्या आधी येते, चपला बाहेर काढते, आणि पंखा लावायच्या आधी अंगठा स्क्रीनच्या मध्यावर टेकवून डोळे मिटते. आमच्यासाठी मागायचं ते भाऊसाहेबांनी मागून ठेवलंय, म्हणून मी त्यांच्यासाठी मागते. आमेन म्हणते आणि अंगठा सावकाश वर ओढते. डोळे उघडून बघते, तर सगळं जागच्या जागी असतं, फॅक्ससुद्धा.